सोलकढी कुणाच्या हातची?

श्रावण सरत आला की वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांना गणपतीचे वेध लागतात. मोदकांच्या पाककृतींशेजारी दरवर्षी एक लेख हमखास असतो. हल्लीच्या घरांतून खरी सोलकढी कशी हद्दपार झाली, याबद्दल हळहळणारा. पाट्यावर वाटलेलं ओलं खोबरं, हाताने पिळून काढलेलं दाट दूध, घरच्या कोकमांचं आगळ, वरून कोथिंबीर. आणि आता काय, तर खोक्यातलं दूध आणि बाटलीतलं आगळ! लेखकाला सारं आठवतं. पाटा आठवतो, मागील दारची माडाची सावली आठवते, पंगतीत दुसऱ्यांदा वाटी पुढे केल्याचंही आठवतं. पाट्यामागची बाई मात्र ‘आईच्या हातची चव’ एवढ्या तीन शब्दांत आटोपते.

या तीन शब्दांशी माझं भांडण आहे. सोलकढीशी नाही, हे आधीच सांगून टाकते. माझं माहेर आणि सासर दोन्ही सिंधुदुर्गातलं. गणपतीच्या जेवणात सोलकढी नसली तर मला जेवल्यासारखं वाटत नाही. ती घरी करावी, ताज्या नारळाची करावी, याबद्दलही माझं दुमत नाही. पण ‘घरी करावी’ या वाक्यातला कर्ता कोण, एवढं विचारलं की हळहळणारी मंडळी एकदम दुसरा विषय काढतात.

ज्या मैत्रिणी देशावरच्या किंवा विदर्भातल्या आहेत, त्यांच्यासाठी जरा तपशिलात सांगते. हॉटेलात पेल्यातून येणारं ते गुलाबी पेय बघून यामागे काय पडतं याचा अंदाज येत नाही.

चार माणसांना एक मोठा नारळ धरावा लागतो. गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले की घरात पंचवीस-तीस पानं सहज होतात, म्हणजे सात-आठ नारळ. ते पहारीवर सोलायचे, फोडायचे. मग विळीवर एक पाय दुमडून बसायचं आणि खवणीच्या दात्यांवर एकेक वाटी फिरवत चव पाडायचा. नुसता पांढरा भाग घ्यायचा. पाठीची काळपट साल आली की दुधाचा रंग बिघडतो आणि मग जेवताना कुणीतरी ते बोलून दाखवतंच. हात बसलेल्या बाईलाही एका नारळाला दहा मिनिटं लागतात. आठ नारळ म्हणजे सव्वा तासाच्या वर, एकाच बैठकीत, कंबर वाकवून. मग कोमट पाणी घालून वाटायचं, स्वच्छ पंच्यात घालून पिळायचं. पहिलं दूध दाट. चोथा पुन्हा वाटायचा, पुन्हा पिळायचा; ते दुसरं, पातळ. काटकसरीच्या घरात तिसऱ्यांदाही पिळतात. या पिळण्याने मनगटं कशी भरून येतात, ते सकाळी उठून कपडे पिळणाऱ्या बाईला सांगायला नको. तोवर आमसुलं कोमट पाण्यात भिजत घातलेली असतात. ती कुस्करून रंग उतरवायचा. आगळ असेल तर हे काम वाचतं, पण आगळ खारट असतं, म्हणून मीठ शेवटी चाखून घालायचं. लसूण, हिरवी मिरची, जिरं ठेचून लावायचं. नैवेद्याची असेल तर लसूण नाही. ज्या घरी गौरीला तिखटाचा, म्हणजे मटण-मासळीचा नैवेद्य असतो, तिथे त्या दिवशी लसूण हवाच. हे सगळं दुधात मिसळून गाळायचं आणि चुलीवर मात्र ठेवायचं नाही. तापली की फुटते.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पाककृतीत कधी लिहिलेली नसते. सोलकढी आदल्या रात्री करून ठेवता येत नाही. नारळाचं दूध भाद्रपदातल्या दमट हवेत आंबतं. म्हणजे ज्या सकाळी मोदक आहेत, पाच भाज्या आहेत, वडे आहेत, देवाचं पान वेगळं काढायचं आहे, त्याच सकाळी हे दोन-अडीच तासही काढायचे. फ्रीज आल्यावर थोडं सुकर झालं, पण गणपतीच्या दिवसांत फ्रीजमध्ये जागा आणि गावात वीज, दोन्ही एकाच वेळी असतील याची खात्री कुणी द्यावी?

आणि ती पितं कोण, तेही बघा. पहिल्या पंगतीला पुरुष आणि पाहुणे, मग मुलं. शेवटी बायका. पहिल्या पंगतीला दाट दुधाची कढी जाते. शेवटच्या पंगतीपर्यंत पातेल्यात दोनदा पाणी वाढलेलं असतं. जिने पिळली तिच्या वाटीत तिसरं दूध येतं, आणि तेही ती उभ्या उभ्या पिते, कारण मागे भांडी पडलेली असतात.

आता नारळाचाच प्रवास जरा निरखून बघू. देवापुढे नारळ ‘फोडत’ नाहीत, ‘वाढवतात’. तो वाढवण्याचा मान पुरुषाचा. बाईने नारळ वाढवू नये, असं आजही कित्येक घरांत सांगतात आणि त्याची कारणं विचारली तर गर्भाशयापर्यंत जाऊन पोचतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करायला होडीवर पुरुष. म्हणजे जोवर नारळ अखंड आहे, मंगल आहे, चारचौघांसमोर आहे, तोवर तो पुरुषाच्या हातात. एकदा का त्याच्या दोन वाट्या झाल्या आणि त्यातून कष्ट काढायचे राहिले, की तो निमूटपणे स्वयंपाकघरात येतो. ही श्रमविभागणी निसर्गाने केलेली नाही. माडावर चढायला ताकद लागते म्हणून ते पुरुषाचं काम, असं सांगत आले. नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये केरळात यंत्राच्या आधाराने माडावर चढण्याचं प्रशिक्षण सुरू केलं, तेव्हा बायकाही चढायला शिकल्या. चाळीस फुटांवरच्या माडाच्या शेंड्यावर बाई पोचली, पण जमिनीपासून चार बोटांवरच्या विळीवर पुरुष अजून बसलेला नाही.

बरं, याच स्वयंपाकघरात कुणाचे हात चालतात आणि कुणाचे चालत नाहीत, त्याचेही नियम आहेत. पाळी आलेली बाई चालत नाही. म्हणून गणपतीच्या आधी औषधांच्या दुकानात पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घ्यायला बायका येतात. नॉरएथिस्टेरॉन नावाचं हे संप्रेरक डॉक्टरांना न विचारता, कधी सासूने, कधी शेजारणीने सांगितलं म्हणून घेतलं जातं. ज्यांना रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका आहे, त्यांनी ते घेऊ नये, हे सांगायला दुकानात कुणी थांबत नाही. गोळ्या थांबल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते, म्हणजे नेमकी विसर्जनानंतरच्या आवराआवरीत. देवाला बाईचं रक्त चालत नाही, पण तिने रक्तात संप्रेरक मिसळलेलं चालतं! आपल्या आरोग्य शिबिरांत हा विषय पाळीच्या तक्रारींखाली कुठेतरी एका ओळीत येतो. तो सणाच्या कामाखाली यायला हवा.

आणि विधवा बाई? गौरीच्या हळदीकुंकवात तिला जागा नाही, ओवशाच्या सुपाला तिचा हात लागायचा नाही. खवायला मात्र तीच बसलेली असते, कारण ‘तिला काय, नटायचं-मुरडायचं नाही’. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. चांगलं झालं. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, हे ठरावात लिहिता येतं. पण सणाच्या दिवशी मागच्या पडवीत कुणी बसायचं, याचा ठराव कुठली ग्रामपंचायत करणार?

सरकारी आकडे माझ्या म्हणण्याला पुरावा म्हणून देते, कारण बैठकीत कुणीतरी म्हणतंच की आता दिवस बदललेत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणारी बाई २०१९ मध्ये दिवसाला २९९ मिनिटं त्यात घालवत होती. जे पुरुष घरकाम करतात ते ९७ मिनिटं. २०२४ मध्ये बाईची मिनिटं २८९ झाली. वाटलं, चला, दहा मिनिटं तरी सुटली. पण पुरुषाची झाली ८८. म्हणजे दोघांमधलं अंतर २०२ मिनिटांवरून २०१ वर आलं. पाच वर्षांत एक मिनिट! शिवाय हे सरासरी दिवसाचे आकडे आहेत. गौरी जेवणाच्या दिवशी कुणी घड्याळ लावून मोजलेलं नाही.

मोजायचं नाही, ही जुनीच रीत आहे. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना ‘काम न करणाऱ्यां’च्या गटात भिकारी आणि कैदी यांच्या शेजारी बसवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये त्यावर ताशेरे ओढले. पण तो खटला कशाचा होता? रस्ता अपघातात गेलेल्या एका गृहिणीबद्दल किती भरपाई द्यायची, याचा. म्हणजे बाईच्या कामाची किंमत काढायला ती आधी मरावी लागते. जिवंतपणी तिला २०२४ पासून महिन्याला दीड हजार रुपये आणि ‘लाडकी बहीण’ हे नाव मिळालं. पैसे बायकांच्या हातात गेले याचा मला आनंदच आहे, पण नाव बघा: मजुरी नव्हे, ओवाळणी!

आता आपल्याच मैत्रिणींकडून येणाऱ्या दोन आक्षेपांकडे वळते.

एक म्हणते, एवढं कशाला? मिक्सर आहे, खोक्यातलं दूध आहे, वेळ वाचवा आणि मोकळ्या व्हा. मी खोक्यातल्या दुधाला विटाळ मानत नाही. ते टिकावं म्हणून तापवलेलं असतं, दाट राहावं म्हणून त्यात काहीबाही घातलेलं असतं, त्यामुळे चवीला वेगळं लागतं, एवढंच. एकटीने घर चालवणाऱ्या बाईने ते वापरलं तर तिला नावं ठेवणारी मी कोण? पण यंत्राने बाई मोकळी होते, हा भाबडेपणा आहे. अमेरिकेतल्या इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ मध्ये ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात हेच दाखवलं. घरात यंत्रं आली तसं पुरुषांचं आणि मुलांचं घरातलं काम कमी झालं, आईचं मात्र तेवढंच राहिलं, कारण अपेक्षा वाढल्या. आमच्याकडेही वेगळं झालेलं नाही. पाटा होता तेव्हा सोलकढी सणासुदीला व्हायची. मिक्सर आल्यावर ‘आता काय, बटण तर दाबायचंय’ म्हणून ती दर रविवारी मागितली जाऊ लागली. पाट्याचं वाटण गेलं, पण खवणं, पिळणं, गाळणं आणि मिक्सरचं भांडं घासणं तिच्याकडेच राहिलं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आमच्या गटातली एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणते, ‘स्वयंपाकात बाईची कला आहे. तिच्याकडे दुसरं काही नव्हतं तेव्हा हीच तिची सत्ता होती. तुम्ही तिला नुसतं ओझं म्हणता तेव्हा तिचा अपमान करता.’ यात तथ्य आहे. कुठल्या माडाच्या नारळाला दूध जास्त सुटतं, आमसूल किती जुनं आहे, मिठाचा खडा कधी टाकायचा, हे ज्ञान आहे आणि ते बायकांनी सांभाळलं आहे. मे महिन्यात कोकमं वेचायची, फोडायची, सालांना रस-मीठ लावून पुनःपुन्हा उन्हात घालायची, बियांपासून तेल काढायचं, पाऊस यायच्या आत सगळं उरकायचं, हेही बायकांचंच. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला आज भौगोलिक मानांकन आहे. पण जाणकार म्हणून मान मिळणं वेगळं आणि दरवेळी राबायलाच लागणं वेगळं. सुताराला सुतारकामातलं कळतं म्हणून सणाच्या दिवशी फुकट तीस खुर्च्या करून दे, असं त्याला कुणी म्हणत नाही. ज्या कलेला ‘आज नाही करणार’ असं म्हणायची सोय नाही, तिला मी सत्ता कशी म्हणू?

याच कामाची किंमत लावली की काय होतं, ते मुंबईने पाहिलं आहे. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कोकणातल्या, घाटावरच्या कामगारांना खानावळवाल्या बायकांनी जेवू घातलं. त्या सावकाराच्या कर्जात बुडालेल्या होत्या आणि त्यांना कामगार कुणी म्हणत नव्हतं. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, राष्ट्रीयीकृत बँकेतून त्यांना कर्ज मिळवून दिलं. घरातल्याच चुलीवरचं तेच जेवण, पण आता त्याचा हिशेब होता.

दुर्दैवाने आज आपल्याच बचत गटांत तो हिशेब अर्धवट होतो. प्रदर्शनात सोलकढीचा पेला विकणाऱ्या बायकांना मी विचारते, किंमत कशी ठरवली? नारळ धरतात, आगळ धरतात, बर्फ आणि पेला धरतात. २०२५ मध्ये नारळ कडाडला तेव्हा त्यांनी बरोबर फरक काढून दाखवला. ‘आणि तुमचा वेळ?’ म्हटलं की हसतात. ‘ताई, वेळ काय, घरचाच!’ नफा म्हणून जे सांगतात, ती त्यांची मजुरीसुद्धा भरत नाही. स्वतःच्या श्रमाला शून्य किंमत लावायला त्या बाजारात शिकल्या नाहीत, घरातून शिकून आल्या.

दोन वर्षांपूर्वी गावच्या घरी गौरी जेवणाच्या दिवशी मी आणि माझ्या जावेने एक गोष्ट केली. सात नारळ, दोन विळ्या आणि एक परात ओटीवर, पत्ते खेळत बसलेल्या पुरुषांच्या मध्ये नेऊन ठेवली. म्हटलं, सोलकढी हवी असेल तर एवढं खवून द्या. धाकटे दीर म्हणाले, ‘वहिनी, पुरुषांनी विळीवर बसायचं? आवाठात हसतील.’ मला वाटलं, आता सासूबाई आम्हालाच ओरडणार. त्या दारात येऊन म्हणाल्या, ‘बसांदेत रे. माझी ढोपरां गेली ह्या कामात.’ त्यापुढे कुणाला बोलता येईना. चौघांनी मिळून दोन तास घेतले. साल बरीच आली, कढी जरा मातकट रंगाची झाली, एकाने बोट कापून घेतलं. सगळ्यांनी प्यायली.

खरी मजा पुढे आहे. दिवाळीच्या आत माझ्या मोठ्या दिरांनी विजेवर चालणारं खवणी-यंत्र घरात आणलं. सासूबाईंचे गुडघे चाळीस वर्षं दुखत होते तेव्हा असं यंत्र असतं हे कुणाच्या कानावर आलं नव्हतं. पुरुषाचे खांदे एक दिवस दुखले आणि ते बाजारात सापडलं!

तेव्हापासून आमच्या गटाने एक साधं वाक्य धरलं आहे: जो पिणार तो खवणार. यात ‘मदत’ हा शब्द नाही, हे मुद्दाम सांगते. ‘मी तिला मदत करतो’ म्हणणारा पुरुष काम तिचंच आहे हे आधी कबूल करून घेतो. आम्ही वाटणी मागतो, आणि तीही फोटो काढण्यापुरती मोदकाला एक कळी पाडून जाण्याची नाही. खवणं, पिळणं आणि नंतरचं घासणं. शिवाय पहिल्या पंगतीला कोण बसणार, हे दरवर्षी आलटून पालटून ठरवायचं. हे दुसरं कलम पहिल्यापेक्षा अवघड गेलं. खवायला तयार झालेले पुरुषही शेवटच्या पंगतीला बसायला तयार होत नाहीत. आमच्या वस्तीतल्या सहा घरांपैकी दोनच घरांत ते जमलं आहे आणि त्यातल्या एका घरात बाई एकटीच कमावती आहे.

ज्या घरात बाईला असं परात नेऊन ठेवायची सोयच नाही, जिथे उत्तर म्हणून मार मिळेल, तिथे हे वाक्य पाठवू नका. तिच्या घरी गटातल्या दोघी-तिघींनी सणाच्या सकाळी जाऊन बसणं जास्त उपयोगाचं ठरेल. नारळ आपण खवू, आणि ती काय सांगते ते ऐकू.

बाकीच्या गटांना एक विनंती. या गौरी-गणपतीत प्रत्येकीने घरात एक वही भिंतीला टांगून ठेवावी. पान-पंगत किती, नारळ किती, कोण किती वाजता कामाला बसलं, किती वाजता उठलं, कोण कितव्या पंगतीला जेवलं, आणि सोलकढी तिच्या वाटीत आली तेव्हा पहिल्या दुधाची होती की तिसऱ्या. गोळ्या घेतल्या असतील तर कुणाच्या सांगण्यावरून, तेही लिहा. नाव लिहू नका. कोकणाबाहेरच्या मैत्रिणींनी नारळाच्या जागी पुरणाचा हिशेब ठेवला तरी चालेल. वह्या दिवाळीपूर्वी आमच्याकडे पोचल्या तर पुढच्या अंकात त्या मांडता येतील.